धोळीचं अभय

सूर्य उगवून दोन घटका होईपर्यंत उगमबाई पाण्याचा थेंबही तोंडात घेत नसत, आणि तो मावळला की पुन्हा घेत नसत. मधल्या वेळात जे खायचं-प्यायचं, त्यातलंही आज हे सोडलं, उद्या ते सोडलं, असं रोज सकाळी हात जोडून ठरवायच्या. घोडेगावच्या पेठेत झुंबरलाल शेठचं किराणा दुकान होतं. त्यांची ही बायको. आवाज इतका हळू, की दुकानातला गडी म्हणायचा, भाभी रागावल्यात का नवकार मंत्र म्हणतायत, काही उमगत नाही.

सकाळची सामायिक, दोन घटकांची ध्यानाची बैठक, आटोपली, घरचं झालं, की त्या पांजरपोळात जायच्या, तिथल्या त्या ट्रस्टी. गावाबाहेर नदीच्या अंगाला ते आवार. भाकड गाई, पाय अधू झालेले बैल, आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून मान काढून रस्त्याकडं बघत उभी असलेली धोळी. धोळी म्हणजे सांडणी, उंटाची मादी. पोलिसांनी एकदा कत्तलीला चाललेला ट्रक अडवला, त्यात उंट कोंबलेले होते. बाकीचे मार्गी लागले, ही पाय दुखावल्यामुळं इथंच राहिली आणि कोर्टानं तिला पांजरपोळाच्या ताब्यात दिलं. आली तेव्हा माणूस दिसलं की थरथरायची. उगमबाईंनी तिच्या कानाशी नवकार म्हटला, गळ्यात लाल-पिवळा धागा बांधला आणि सगळ्यांसमोर बोलल्या, "तुला अभय दिलं गं बाई. आता तुझ्या अंगाला कुणी दुखावणार नाही."

त्यांच्या जैन धर्मात अभयदानापेक्षा मोठं दान नाही. दिलेले पैसे माणूस विसरून गेला तरी चालतं, दिलेलं अभय विसरून चालत नाही. तेव्हापासून रोज त्या एका हातानं तो धागा चाचपायच्या आणि दुसऱ्या हातावर गुळाचा खडा धरायच्या. धोळी आपल्या फाटक्या ओठांनी तो अलगद उचलायची.

"तू पण मारवाडातली, ती पण मारवाडातली," झुंबरलाल शेठ म्हणायचे. "फरक एवढाच, की ती माझ्याकडं बघून थुंकते."

"मी पण थुंकले असते," उगमबाई म्हणायच्या, "पण नियम आहे."

पांजरपोळाचं शेणपाणी, चारा, सगळं केशरबाई बघायची. चांगदेवची बायको, बुद्धविहाराच्या मागच्या आळीतली. दोघी जवळपास एका वयाच्या. केशरबाईचा आवाज नदीपलीकडं ऐकू जाईल असा. वर्षानुवर्षं एकत्र काम करून दोघींचं चांगलं जमलं होतं. म्हणजे केशरबाई बोलायची आणि उगमबाई ऐकायच्या.

एकाच गोष्टीवरून खटका उडायचा. कडब्याची मोठी गंज आवाराच्या कोपऱ्यात रचलेली असायची. तिच्यातून पेंढी ओढायची तर सगळीकडं लोक आकडी वापरतात, लांब काठीला लोखंडी वाकडं टोक. उगमबाईंनी पांजरपोळात आकडीला बंदी केली होती. गंजीत उंदरांची पिल्लं असतात, सरडे असतात, किती बारीक जीव असतात. लोखंडाचं टोक आत खुपसलं की कुणाच्या पोटात जाईल सांगता येतं का? पेंढी हातानं काढायची, आधी मऊ झाडणीनं वरून हलकेच झाडून. पावसाळ्याच्या चौमासात तर जास्तच जपून.

"भाभी, जीव हातालाबी असतोय," केशरबाई म्हणायची.

"हळू काढ ना. घाई कसली आहे तुला?"

"मला कसली घाई. धोळीला हाये. उशीर झाला तर पदर चावती."

आषाढ सरता सरता हाताच्या जिवावरच बेतलं. केशरबाईनं झाडणीनं झाडलं, गंजीत हात घातला आणि पेंढी ओढली. आत कुकरची शिट्टी निघावी तसा आवाज झाला. घोणस होती. मनगटाच्या वर दात लागले. केशरबाईनं हात झटकला, खाली बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "भाभी, तिला मारू नका म्हनायला तुमी मोकळ्या. पर रिक्षा बोलवा."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी वेळ दवडला नाही. सलाईन लावलं, त्यातून सापाच्या विषावरचं औषध सोडायला सुरुवात केली. हिरड्यांतून रक्त येत होतं, हात खांद्यापर्यंत फुगला होता. उगमबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून नवकार म्हणत होत्या. मध्येच थांबून डॉक्टरांना विचारत होत्या, "अजून द्या ना. अजून आहे ना औषध? संपलं तर आम्ही मंचरहून आणवतो. द्या, द्या." त्यांचा आवाज एवढा चढलेला गावात कुणी कधी ऐकला नव्हता.

आणि मग त्याच औषधानं केशरबाईच्या अंगावर गांधी उठल्या. श्वास कोंडला. डोळे पांढरे झाले. डॉक्टरांनी औषध थांबवलं, दुसरं इंजेक्शन दिलं, तिला परत आणलं, पुन्हा जपून औषध सुरू केलं. पुढं अँब्युलन्सनं मोठ्या दवाखान्यात हलवलं. जीव राहिला. मूत्रपिंडं मात्र बसली. आता आठवड्यातून दोनदा मंचरला जाऊन मशीनवर रक्त धुऊन आणायचं. कधीपर्यंत, ते डॉक्टरही सांगत नव्हते.

आकडीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. केशरबाईनंही नाही. पांजरपोळात नवी बाई आली. तिला उगमबाईंनी स्वतः बाजारातून आकडी आणून दिली आणि त्या दिवशी त्यांनी जेवणातलं मीठ वर्ज्य केलं.

केशरबाईची मुलगी स्वप्ना जनावरांची डॉक्टर होती. जुन्नर तालुक्यात निमगाव सावाच्या बाजूला एक संशोधनाचा फार्म होता. तिथं सापाच्या विषावरच्या औषधाचं काम चालायचं, आणि ती तिथं नोकरीला होती. पर्युषण, जैनांचं आठ दिवसांचं उपासाचं पर्व, तोंडावर आलं असताना ती एक दिवस दुकानावरच आली. पायरीवर बसली, पाणी प्यायली आणि सरळ विषयाला हात घातला.

"काकू, मला धोळी पाहिजे."

उगमबाईंना वाटलं, मुलगी थट्टा करते.

"आत्ता जे औषध मिळतं ते घोड्यांपासून बनतं," स्वप्ना सांगू लागली. "घोड्याला विषाचा अगदी बारीक डोस देतात. मग हळूहळू वाढवतात. त्याच्या रक्तात त्या विषाला धरून ठेवणाऱ्या अँटीबॉडी तयार होतात. रक्त काढून त्या वेगळ्या करायच्या, तेच औषध. त्यानं आई वाचली. पण घोड्याचं ते प्रथिन माणसाच्या अंगाला परकं असतं, कुणाकुणाला उलटतं. आईला उलटलं ते तुम्ही बघितलंच. उंटाच्या रक्तात एक निराळीच अँटीबॉडी असते. आकारानं लहान. ती कमी उलटेल असं वाटतं. आणि उन्हातान्हात टिकते. म्हणजे उद्या आहुप्याला, तळेघरला, जिथं लाइट चार-चार दिवस नसते, तिथंही फ्रीजशिवाय ठेवता येईल. तिकडच्या माणसाला साप चावला, की तो घोडेगावपर्यंत येईस्तोवर काय होतं तुम्हाला माहितीये."

"आणि धोळीच का?" उगमबाईंनी विचारलं.

"राजस्थानातून उंट बाहेर काढायला बंदी आहे. आमच्याकडं एकच होता, तो म्हातारा झाला. कागदपत्रं, कोर्टाची परवानगी, सगळं आम्ही पर्युषणापर्यंत तयार ठेवू. बाकीचे ट्रस्टी म्हणाले, उगमबाई सांगतील तसं."

"तिला विष टोचणार?"

"थोडं. तिला झेपेल एवढंच. आणि रक्त काढणार, अधूनमधून. त्रास होणारच नाही असं मी खोटं सांगणार नाही. सूज येते, एखाद-दोन दिवस ताप येतो."

"ह्या औषधानं केशर बरी होईल?"

स्वप्नानं मान हलवली. "आईला याचा काहीच उपयोग नाही. औषध व्हायला पाच-सात वर्षं लागतील. कदाचित होणारही नाही."

"मी तिला अभय दिलंय, बेटा."

"माहितीये काकू. मी तिथंच उभी होते." ती उठली, चप्पल घातली. "पर्युषण झालं की सांगा. त्याच्यापुढं थांबता यायचं नाही. आणि नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही." मग दोन पायऱ्या उतरून वळली. "खरं म्हणजे रागावेन. पण बोलणार नाही."

झुंबरलाल शेठ गल्ल्यावरून सगळं ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "दुकानाचं काही असतं तर मी सांगितलं असतं. हे तुझं खातं."

उगमबाईंना झोप लागेना. डोळे मिटले की दोन गोष्टी समोर यायच्या. कानाशी नवकार ऐकताना थरथरायची थांबलेली धोळी, आणि खाटेवर डोळे फिरवलेली केशरबाई. शेवटी त्यांनी ठरवलं, जे करायचं नाही म्हणतो ते निदान बघून तरी यावं. निमगाव सावाला जाणाऱ्या गाडीत त्या स्वप्नाबरोबर बसल्या. घरून निघताना पाण्याची बाटली घेतली, उकळून गार केलेलं पाणी.

फार्म स्वच्छ होता. पांजरपोळापेक्षा स्वच्छ, हे त्यांना मान्य करावं लागलं. घोडे धष्टपुष्ट, अंगावर चमक. मानेवर मात्र एका जागी केस काढलेले, आणि तिथं सुयांच्या बारीक बारीक खुणा. एक तांबडा घोडा होता, त्याच्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ होती. "उतरेल," स्वप्ना म्हणाली.

तेवढ्यात पांढरा डगला घातलेला एक माणूस ट्रे घेऊन आला. उगमबाईंनी पदर तोंडावर घेतला. त्यांना वाटलं, आता घोडे बिथरतील, मागं सरतील. तर उलटच झालं. त्याला बघून तीन-चार घोडे आपण होऊन कठड्याशी आले आणि माना पुढं करून उभे राहिले.

"घाबरत नाहीत?"

"टोचून झालं की त्यांना गूळ-चणे मिळतात ना," स्वप्ना म्हणाली. "सवय झालीये."

ती बिचारी दिलासा द्यायला म्हणाली. उगमबाईंना मात्र आपला गुळाचा खडा आठवला. एका हातात धागा, दुसऱ्या हातावर गूळ. घोडे घाबरून पळाले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं. मग नाही म्हणणं सोपं झालं असतं.

परतताना मंचरच्या अलीकडं कुठंतरी स्वप्नानं विचारलं, "काकू, काय वाटलं?"

"तुझ्या आईला त्या दिवशी किती घोड्यांचं रक्त दिलं असेल गं?"

"तसं सांगता येत नाही. सगळ्यांचं एकत्र असतं."

"मी 'अजून द्या' म्हणत होते," उगमबाई म्हणाल्या. "ओरडत होते."

दुसऱ्या दिवशी त्या जैन स्थानकात, साध्वींच्या मुक्कामाच्या जागी, गेल्या. चौमासासाठी एक साध्वी, महासतीजी, तिथं आलेल्या होत्या. व्याख्यान संपून बायका पांगल्यावर उगमबाई त्यांच्यासमोर बसल्या, तोंडावर मुहपत्तीचं फडकं धरून सगळं सांगितलं. केशरबाईचं, धोळीचं, घोड्यांचं. महासतीजींनी डोळे मिटून ऐकलं. मग बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

उगमबाईंना त्या गप्प बसण्याचा अर्थ कळत होता. साधूला स्वतः हिंसा करता येत नाही, दुसऱ्याकडून करवता येत नाही, केलेल्या हिंसेला होकार देता येत नाही. 'दे' म्हणाल्या तर सांडणीच्या वेदनेला होकार. 'देऊ नको' म्हणाल्या तर ज्याला औषध मिळायचं त्याच्या तोंडचं काढलं, तोही दोष. दोन्हीकडून वाट बंद, म्हणून मौन. लहानपणापासून हे त्या ऐकत आल्या होत्या आणि ऐकताना नेहमी वाटायचं, किती बारीक विचार केलाय आपल्याकडं. आज त्याच बारीक विचारानं त्यांना दारात एकटं उभं केलं होतं.

शेवटी महासतीजी म्हणाल्या, "श्राविका, आम्ही घर सोडलंय. तुम्ही सोडलेलं नाही." आणि त्यांनी आशीर्वादाचं मांगलिक ऐकवलं.

पर्युषणाचे दिवस उपासात आणि प्रतिक्रमणात, झाल्या चुकांची उजळणी करण्यात, गेले. शेवटच्या दिवशी, संवत्सरीच्या संध्याकाळी, चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या जिवांची क्षमा मागताना उगमबाई मध्येच थांबल्या आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागल्या. दरवर्षी त्या हे सगळं झराझरा म्हणायच्या.

पारण्याच्या सकाळी रिवाज असा, की घरोघर जाऊन हात जोडायचे आणि वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची क्षमा मागायची, म्हणजे खमावायचं. उगमबाईंनी पारणं केलं नाही. तशाच उठल्या आणि आधी केशरबाईच्या घरी गेल्या.

केशरबाई दारातल्या खाटेवर पडली होती. तोंड सुजलेलं, हातावर मशीनच्या सुयांची पट्टी. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, दोन्हींना ताजी झेंडूची फुलं. चांगदेव सोयाबीनच्या रानात गेला होता. स्वप्ना चुलीपाशी होती.

उगमबाईंनी हात जोडले. "केशर, खमावते गं. वर्षभरात कळत-नकळत—"

"थांबा भाभी." केशरबाई कोपरावर उठली. "दर साली येता, ह्येच म्हंता, अन् मी 'असू द्या असू द्या' म्हनून बर्फी घेते. औंदा मला बर्फी चालत न्हाई. डाक्टरनं सगळंच बंद केलंय. मंग औंदा तरी नीट सांगा, कशाबद्दल?"

"आई," स्वप्ना म्हणाली.

"तू गप गं. आमचं दोघींचं चाललंय."

उगमबाई खाली जमिनीवर बसल्या. "आकडीबद्दल," त्या म्हणाल्या. "माझा नियम होता. हात तुझा होता."

केशरबाई पाय खाली सोडून नीट उठून बसली. "हां," ती म्हणाली. "आता बसलं बगा. रोज रातच्याला मी तुमच्याशी मनात भांडत व्हते. खाटेवर पडल्यावर दुसरं काय काम असतंय? अन् भांडून भांडून मला आठवायचं, का पानी पाजायला तुमीच व्हता. लई राग यायचा. धड भांडताबी येईना." ती हसली, मग हसू ओसरलं. "आमच्यातबी पंचशील हाये भाभी. पहिलंच शील, जीव मारायचा न्हाई. मीबी रोज म्हंते. तरी त्या सापाला मी हजारदा ठेचलाय, मनात."

"स्वप्ना धोळीला मागते आहे."

"ठाव हाये. मला इचारलं तिनं. मी म्हनले, त्यांचं अभय हाये, त्या देनार न्हाईत."

"तू काय म्हणतेस?"

"मी कशाला काय म्हनू? मला तर त्या औषिदाचा उपेग न्हाई." केशरबाईनं पट्टीच्या कडेनं हात खाजवला. "एकच म्हंते. त्या घोड्यांना अभय कुनी दिलं न्हवतं, म्हनून मी हितं बसून बोलतीया. दिलं असतं कुनी, तर?"

स्वप्ना तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. जळका वास आला तेव्हा कुठं तिनं ती काढली.

उगमबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या, वळल्या. "स्वप्ना, तू गाडी घेऊन ये पांजरपोळात. दुपारपर्यंत ये. मग माझा धीर राहील की नाही, माहीत नाही." आणि एक दम घेऊन म्हणाल्या, "ज्या दिवशी तिला टोचाल त्या दिवशी मला बोलवायचं. दर वेळी. मी तिथं उभी राहणार. त्या दिवशी मी पाणीही घेणार नाही. आणि तिचं वय झालं, की ती परत इथंच येईल. हे कबूल कर."

"कबूल," स्वप्ना म्हणाली. तिचा आवाज त्या क्षणी उगमबाईंसारखाच झाला होता, जेमतेम ऐकू येणारा.

"उभं राहून तिला काय मिळनार?" केशरबाईनं विचारलं.

"तिला काहीच नाही," उगमबाई म्हणाल्या. "पण मला वाटतं, मी तिकडं पाठ केली तर ते पाप दुप्पट होईल. बरोबर की चूक, ते कुणी सांगत नाही गं मला."

पांजरपोळात ऊन पडलं होतं. नवी बाई आकडीनं पेंढ्या ओढत होती, लोखंड कडब्यात खस्‌ करून जात होतं. उगमबाईंना दर वेळी अंगावर काटा यायचा, आजही आला. त्यांना लांबूनच बघून धोळीनं मान उंच केली आणि घशातून तो ओळखीचा गुरगुराट काढला.

धागा मळून काळा पडला होता, गाठ घट्ट बसली होती. कापायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, म्हणून नखांनी सोडवत बसल्या. धोळी शांत उभी होती. तिला वाटलं असेल, रोजच्यासारखंच बाई धागा चाचपतेय.

गाठ सुटली. उगमबाईंनी तिच्या कानाशी तोंड नेलं. नवकार म्हणायला धजल्या नाहीत. "दिलेलं परत घेतेय," एवढंच म्हणाल्या. "तुला न विचारता दिलं, न विचारता घेतेय. खमावते."

फाटकाबाहेर गाडीचा आवाज आला. धोळीनं खाली मान घालून त्यांचा दुसरा हात हुंगला, तळव्यावर फाटके ओठ फिरवले. हात रिकामा होता. गूळ उगमबाईंनी मुद्दामच आणला नव्हता. ती तरी शोधत राहिली, बोटांच्या मधून, पदराच्या टोकात, आणि उगमबाई हात मागं न घेता तशाच उभ्या राहिल्या.